चौदा मार्चचं पान

लाल कापडी पुठ्ठ्याची मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाचं बोट उमटलंय आणि त्याला खेटूनच एक पिवळं लेबल डकवलंय: ‘पुरावा क्रमांक एकोणीस’. देवाच्या वहीला असलं लेबल! मला तर तो धक्का अजून पचलेला नाही.

शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूच्या एका दुकानात, उदबत्त्या आणि पापडांच्या मधल्या फळीवर मी पडून होते. नंदाताईंनी मला उचललं, ओढणीने पुसलं आणि घरी देवासमोर ठेवलं. त्या हॉस्पिटलमध्ये नर्स. ड्यूटीवरून आल्यावर आंघोळ करून, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता, ‘श्री गुरुदेव दत्त’ एकशेआठ वेळा लिहायचं, असं त्यांचं व्रत होतं. खाली एक ओळ, आजचा जप कुणासाठी. पेशंटचं नाव कधीच लिहायच्या नाहीत. ‘चार नंबरच्या बाळंतिणीसाठी’, एवढंच. किती सुखात होते मी!

मग एके दिवशी ओळ आली: ‘सात नंबरच्या आजोबांसाठी. शिरेतून औषध सोडणारा पंप आज आपोआप जोरात सुटला. मी बंद केला. मॅनेजरबाईंना सांगितलं. बघू म्हणाल्या.’

तीन आठवड्यांत अशा तीन ओळी लिहिल्या गेल्या. चौथ्या खेपेला पंप सुटला तेव्हा नंदाताई दुसऱ्या खोलीत होत्या. धावत येईपर्यंत आजोबा गेले होते.

त्यानंतर जे झालं ते ऐका. हॉस्पिटल म्हणे, पंपच वाईट. पंपाची कंपनी म्हणे, हॉस्पिटलने तो नीट सांभाळला नाही. दोघांचे वकील एकमेकांवर तुटून पडले. एकमत झालं ते एकाच गोष्टीवर, की औषधाचा वेग नंदाताईंनीच चुकीचा लावला! तक्रारींची कॉम्प्युटरमधली नोंद म्हणे सापडतच नव्हती. सव्वीस वर्षं नर्सिंग केलेल्या बाईचं लायसन्स जायची वेळ आली. पुरावा म्हणून उरले होते ती एकटी मीच.

त्यांची वकील ज्ञानदा, मैत्रिणीची लेक, मला छातीशी धरून, नंदाताईंना घेऊन पंपाच्या कंपनीच्या वकिलांच्या ऑफिसात गेली. खटल्याआधीची शपथेवरची जबानी तिथे होती. लांबलचक टेबलापलीकडे कंपनीचे वकील मिस्टर व्हिटलॉक बसले होते. तीस वर्षांत मोठा खटला न हरलेला माणूस! त्यांनी माझी पानं चाळली.

“शाळेत शिक्षा झाली होती का? एकच वाक्य इतक्या वेळा?”

“शिक्षा नाही सर. सवय आहे,” नंदाताई हळूच म्हणाल्या.

“प्रत्येक पान त्या त्या तारखेलाच लिहिलंय?”

ज्ञानदा निर्धास्त होती. ‘हो’ म्हटलं की झालं!

“नाही,” नंदाताई म्हणाल्या.

ज्ञानदाच्या हातातलं पेन खाली पडलं.

नंदाताईंनी स्वतःच पान उघडलं. “चौदा मार्च. त्या दिवशी आजोबा गेले. घरी आले, पण हात उठेना. दुसऱ्या दिवशी लिहिलं आणि तारीख आदल्या दिवशीची टाकली. व्रत मोडलं हे देवापासून लपवायला बघितलं, सर.”

बाहेर आल्यावर ज्ञानदा रडकुंडीला आली. “मावशी, हे मला आधी सांगायचं ना! केस गेली आपली!”

“तू विचारलंच नाहीस गं. आणि शपथ घेतली होती ना मी?”

व्हिटलॉकसाहेब खूश. कोर्टात म्हणाले, एक तारीख खोटी, मग बाकीच्या खऱ्या कशावरून?

ज्ञानदा ताडकन उठली. “पंपाच्या मेमरीवरून! तो कधी, कसा सुटला याची नोंद तिच्यात आपोआप होते. कंपनीने ती आजवर उघडू दिलेली नाही. तारखांचा प्रश्न आता त्यांनीच काढलाय. उघडा म्हणावं!”

जजसाहेबांनी हुकूम दिला. मेमरी उघडली. माझ्या तीनही तारखांना, कुणी हात न लावता, पंप आपोआप सुटला होता. चौदा मार्चलाही.

नंदाताईंचं लायसन्स वाचलं. कंपनी आणि हॉस्पिटलने मात्र बंद खोलीत तडजोड केली, कुणी कधी चूक कबूल करायची नाही या अटीवर. एक माणूस गेला आणि चूक कुणाचीच नाही! अजूनही मला हे खरं वाटत नाही.

मी घरी परतले, त्या दिवशी नंदाताईंनी आंघोळ केली, देवासमोर बसल्या आणि चौदा मार्चचं पान काढलं. तारखेवर हलकी रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘हे पान पंधरा मार्चला लिहिलं. आजोबा, माफ करा.’

मित्रांनो, आमच्यावर काहीही लिहा. गिचमिड चालेल, खाडाखोड चालेल, कोरं पानही चालेल. फक्त खोटी तारीख घालू नका. आम्हाला ती स्वतःहून पुसता येत नाही. तुम्ही येऊन रेघ माराल, म्हणून आम्ही वाट बघत राहतो.