मोहदरीच्या घाटात अडणारी पिकअप

मित्रांनो, नाशिकहून सिन्नरकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक बंद पडलेलं गॅरेज दिसतं. त्याच्या मागे, बाभळीखाली, मी उभी आहे. मी डिझेलवर चालणारी एक जुनी पिकअप गाडी. माझा निळा रंग आता दरवाजाच्या आतल्या बाजूला तेवढा उरला आहे. चाकं कोणीतरी काढून नेली. ड्रायव्हरच्या सीटमधला काथ्या चिमण्यांनी उपसून नेला. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. गाड्या म्हाताऱ्या होतातच. पण माझ्यापायी एका माणसाचं जे झालं, ते कोणाला तरी सांगावं असं वाटतं.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी कारखान्यातून बाहेर पडले. मखमलाबादच्या बाजूला चिमाजी फडोळ यांचा मळा होता. झेंडू, शेवंती, कोबी, मेथी असा सगळा माल तिथे पिकत असे. चिमाजी आप्पांनी मला विकत घेतलं, कपाळाला हळदकुंकू लावलं, पुढच्या जाळीला झेंडूचा हार घातला. पण त्यांना गाडी चालवता येत नव्हती. म्हणून त्यांनी धोंडीराम साळवे याला ड्रायव्हर म्हणून ठेवलं.

धोंडीराम नाशिकरोडच्या एका बौद्ध वस्तीत राहायचा. आधी तो देवळाली कॅम्पात, जवानांच्या मेसला भाजी पुरवणाऱ्या एका ठेकेदाराची गाडी चालवत असे. उंच, सडपातळ माणूस. बोलायचा कमी. सकाळी मला चालू केलं की तो लगेच गिअर टाकत नसे. इंजिन गरम होईपर्यंत बॉनेटवर हात ठेवून उभा राही. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी न विसरता काढी. त्याच्या हाताखाली मी सकाळी नाशिकच्या मार्केटात, मग देवळालीच्या बाजारात, सिन्नरला, घोटीला अशी फिरले. घोटीहून येताना तांदळाची पोती भरून येत असे. मार्केटातले लोक म्हणत, "आप्पा, गाडी भाग्याची निघाली तुमची." आप्पा म्हणत, "गाडी चांगली, अन् ड्रायव्हर गाडीपेक्षा चांगला."

ते खरंच तसं मानत असत. तरी मळ्यावर धोंडीरामचा चहाचा कप पडवीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. चहा पिऊन झाला की तो आपला कप आपण धुई आणि तिथेच पालथा घाली. त्यावर कोणी कधी काही बोललं नाही. मी ते पाच वर्षं अंगणातून बघत होते.

आता माझं दुखणं सांगते. डिझेलच्या गाडीचा जीव एका बारीक नळीत असतो. टाकीतून त्या नळीने डिझेल ओढलं जातं, फिल्टरमधून गाळून पंपात जातं, आणि पंप ते इंजिनात फवारतो. मध्ये हवा शिरली किंवा वाट अडली, की गाडी जागच्या जागी थांबते. मग इंजिनाशेजारचा छोटा हातपंप अंगठ्याने दाबत बसायचं, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे बाहेर काढायचे. याला ड्रायव्हर लोक एअर काढणं म्हणतात.

एकदा आप्पा बरोबर आले होते, तेव्हा घोटीला डिझेल भरताना माझ्या टाकीचं झाकण हरवलं. धोंडीराम तेव्हा पोती मोजून घ्यायला गेला होता. आप्पांनी आपल्या जुन्या उपरण्याची एक पट्टी फाडली आणि टाकीच्या तोंडात कोंबली. त्या काळी असं पुष्कळ जण करत. पण रस्ता खड्ड्यांचा होता. हादऱ्या-हादऱ्याने ती पट्टी आत सरकली आणि टाकीत पडली. घरी आल्यावर आप्पांनी पाहिलं, तर चिंधी जागेवर नव्हती. "वाटंत पडली वाटतं," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी नवं झाकण आणून बसवलं. धोंडीरामला चिंधीचं काहीच ठाऊक झालं नाही. चिंधी माझ्या पोटात राहिली.

टाकी भरलेली असली की ती चिंधी कुठेतरी कोपऱ्यात निवांत पडून असे. डिझेल निम्म्यावर आलं आणि चढ लागला, की ओढीबरोबर ती नळीच्या तोंडाशी येऊन चिकटे. माझा श्वास कोंडे. इंजिन आचके देई आणि बंद पडे. बंद पडलं की ओढ थांबे, आणि चिंधी आपोआप सुटून खाली बसे. धोंडीराम खाली उतरून एअर काढी, हातपंप मारी, आणि मी चालू होई. शेवटी जे केलं त्यानेच दुखणं गेलं, असं प्रत्येक वेळी वाटे. पुढच्या चढाला पुन्हा तेच.

धोंडीरामने काही करायचं बाकी ठेवलं नाही. फिल्टर बदलला. नळीचे सगळे सांधे आवळले, त्यांना साबणाचा फेस लावून कुठे हवा ओढते का ते पाहिलं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ भिका मिस्त्रीचं गॅरेज होतं, तिथे मला दोनदा नेलं. भिकाने पंप उतरवून तपासून आणला, डिझेल फवारणारे नॉझल साफ केले. गॅरेजात मी शहाण्यासारखी चालत राहायचे. चढच नव्हता तिथे!

शेवटी एक दिवस धोंडीराम आप्पांना म्हणाला, "आप्पा, एकदा टाकी उतरवून धुवून बघू का? मला काय खात्री नाय. पण बाकी सगळं करून झालं."

आप्पा म्हणाले, "आता दसरा तोंडावर आला, अन् गाडी उघडून बसतो का? उद्या मी स्वतः येतो बरोबर. बघू कशी बंद पडते."

दुसऱ्या दिवशी आप्पा निघाले. निघण्याआधी त्यांनी टाकी गच्च भरून घेतली. सिन्नरच्या वाटेवरचा मोहदरीचा घाट मी एका दमात चढले आणि उतरून परतही आले. मळ्यावर उतरताना म्हणाले, "मी असल्यावर बरी चालते."

धोंडीरामचा चेहरा उतरला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की टाकी निम्मी करा आणि मग चला. पण मला हॉर्नशिवाय दुसरा आवाज नव्हता, आणि तोही दुसऱ्याच्या हातात.

आप्पांनी भिका मिस्त्रीला विचारलं. भिका दुसऱ्या गाडीच्या खाली झोपून काम करत होता. तिथूनच तो म्हणाला, "डिझेलमदी रॉकेल मिसळलं तरी असं होतं आप्पा. काही ड्रायव्हर डिझेल विकत्यात अन् वरून रॉकेल घालत्यात." त्याने धोंडीरामचं नाव घेतलं नव्हतं. बोलता बोलता बोलून गेला. पण आप्पांच्या मनात ते रुतून बसलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी धोंडीराम झेंडूची पोती भरून सिन्नरला निघाला. टाकी निम्मी होती. मोहदरीच्या चढावर मी बंद पडले. त्याने हातपंप मारून मला चालू केलं. थोडं पुढे गेले, पुन्हा बंद. ऊन वाढत गेलं. पोत्यांमध्ये झेंडू तापायला लागला. धोंडीरामचा अंगठा सोलून निघाला. त्याने रुमाल गुंडाळला आणि पंप मारत राहिला. मधेच माझ्या मडगार्डवर हात ठेवून म्हणाला, "चल ना बाई, आजच्या दिवस तरी चल."

आम्ही पोचलो तेव्हा बाजार उठत आला होता. काळपट पडलेला झेंडू कोणी घेतला नाही. सगळी पोती तशीच घेऊन आम्ही नाशिकच्या मार्केटात परतलो. आप्पा तिथे वाट बघत उभे होते. चार गाड्यांचे ड्रायव्हर, हमाल, व्यापारी, सगळे भोवती होते.

आप्पांनी एका पोत्यात हात घातला आणि फुलं जमिनीवर फेकली. "किती डिझेल विकलं रे?" ते ओरडले. "अन् रॉकेल किती घातलं?"

धोंडीरामला आधी कळलंच नाही. "काय म्हणता आप्पा?"

"मी बरोबर असलो की गाडी चालते. तू एकटा असला की बंद पडते. मी काय येडा हाय?"

"टाकी उतरवून बघा म्हटलं होतं मी."

"टाकीत काय असणार? तू घातलेलं रॉकेलच ना!"

धोंडीरामने माझ्या टाकीचं झाकण काढलं. "या, वास घ्या," तो सगळ्यांना म्हणाला. "कुणीबी या."

एक ड्रायव्हर पुढे आला, वाकला, हुंगलं. त्याने आप्पांकडे पाहिलं, धोंडीरामकडे पाहिलं, आणि म्हणाला, "येतो बा थोडा वास." मित्रांनो, माझ्या टाकीत रॉकेलचा थेंबही नव्हता. पण त्याच्यामागून आलेल्या दुसऱ्यालाही तो वास आला.

धोंडीरामने झाकण नीट लावलं. किल्ली बॉनेटवर ठेवली. मग पत्र्यावर सांडलेलं तेल रुमालाने पुसलं, तसं तो रोजच पुसत असे, आणि गर्दीतून निघून गेला. कोणी त्याला अडवलं नाही.

मार्केटात बोललेली गोष्ट मार्केटात राहत नाही. देवळालीला, सिन्नरला, घोटीला, जिथे जिथे आम्ही जात होतो तिथे ती पोचली. धोंडीराम कामाला विचारायला गेला की लोक म्हणत, सध्या गरज नाही. हे मला इतर गाड्यांच्या ड्रायव्हरांच्या बोलण्यातून कळत असे. पुढे कोणीतरी म्हणालं, की तो एका दगडखाणीत डंपर चालवतो. त्या डंपरचे ब्रेक धड नव्हते, म्हणून त्याला ड्रायव्हर टिकत नव्हता.

इकडे आप्पांनी आपल्या बहिणीचा मुलगा सावळीराम माझ्यावर ड्रायव्हर म्हणून घेतला. त्याच्या वेळीही टाकी कधी भरलेली असे, कधी निम्मी. वर्षभर मी काही दिवस चालले, काही दिवस बंद पडले. पुढचा पावसाळा सरल्यावर एक दिवस सावळीराम घाटातून पायी आला आणि मामावरच चिडला. "ही गाडी हाय का खेळणं? मी नाय चालवत!"

सावळीरामच्या वेळी टाकीचा वास कोणी घेतला नाही. तो घरचा होता. आप्पांनी मला सरळ भिकाच्या गॅरेजात ओढून नेलं आणि म्हणाले, "सगळं उघड. टाकीसकट."

भिकाने टाकी उतरवली, डिझेल पत्र्याच्या डब्यात ओतलं, आणि तारेचा आकडा करून आत फिरवला. आकड्याला काहीतरी अडकलं. त्याने ओढून काढलं. काळी, बुळबुळीत, लांबट चिंधी. भिका हसला. "कोणा शहाण्यानं कोंबलं हे?"

आप्पांनी ती हातात घेतली. डिझेलने काळी झाली होती, तरी उपरण्याचे लाल काठ ओळखू येत होते. ते गॅरेजातल्या टायरवर बसले.

टाकी बसल्यावर ते सावळीरामला म्हणाले, "नाशिकरोडला घे." धोंडीरामची वस्ती रस्त्याला लागूनच होती. मी त्याच्या दारासमोर उभी राहिले. त्याची बायको शकुबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. पूर्वी ती कधीमधी मार्केटात त्याची भाकरी घेऊन येई, म्हणून मी तिला ओळखत होते. तिनेही मला ओळखलं. आप्पांकडे मात्र तिने उशिरा पाहिलं.

"धोंडीराम हाय का घरी?" आप्पांनी विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाय?" शकुबाई म्हणाली. "पावसाळ्यात गेले ते. खाणीच्या उतारावर डंपर थांबला नाय."

आप्पांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती चिंधी होती. त्यांनी ती उलगडली. त्यांनी सगळं सांगितलं. उपरणं, घोटी, हरवलेलं झाकण. शकुबाईने चिंधीला हात लावला नाही.

"रोज म्हणायचे, माझ्याच हाताचं कायतरी चुकत असंल," ती म्हणाली. "झोपेतबी अंगठा हालायचा त्यांचा, पंप मारल्यावानी. मी म्हणायची, सोडा आता, गाडी गेली. पण नाय."

"माझं चुकलं, बाई."

"हे मला कशाला दाखवता? मी कधी रॉकेल म्हटलं होतं का? ज्यांच्यापुढं बोलला, त्यांना दाखवा."

आप्पा म्हणाले, "चला, तुमच्यापुढंच सांगतो." शकुबाईने सूप बाजूला ठेवलं. पण ती माझ्यात बसली नाही. बसने आली. ती येईपर्यंत आप्पा मार्केटात थांबले.

मग ते माझ्या मागच्या फळ्यांवर चढले. संध्याकाळची आवक सुरू होती. हमाल पोती उतरवत होते. आप्पांनी चिंधी वर धरली आणि मोठ्याने सांगितलं, की गाडीत दोष त्यांच्या हाताने झाला, धोंडीरामने काही केलं नव्हतं. दोघा-चौघांनी मान वर करून पाहिलं. बाकीचे कामात होते. एका नव्या ड्रायव्हरने शेजारच्याला विचारलं, "कोण रे हा धोंडीराम?"

शेजारचा म्हणाला, "तो नाय का, रॉकेलवाला."

आप्पा ओरडून म्हणाले, "रॉकेलवाला नव्हता रे तो! धोंडीराम साळवे. धोंडीराम साळवे त्याचं नाव." नव्याने गाडी आली की ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागत. त्यांचा आवाज बसला. शकुबाई भाजीच्या ढिगांपाशी उभी राहून ऐकत होती. थोड्या वेळाने तिने पदर सावरला आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागली. आप्पांनी हाक मारली, पण तिने वळून पाहिलं नाही.

टाकी साफ झाल्यावर मी पुढे कित्येक वर्षं चालले. कधीच बंद पडले नाही. पण आप्पा माझ्यात पुन्हा बसले नाहीत. सिन्नरला जायचं असलं तरी एसटीने जात. शेवटी त्यांनी मला विकलं. दोन मालक बदलले, आणि मग या गॅरेजात आले ती कायमची.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याकडे गाड्या असतील, यंत्रं असतील. त्यांची टाकी स्वच्छ ठेवा. झाकण हरवलं तर चिंधी कोंबू नका. आणि काही अडलं, तर ज्याच्या हातात ते काम आहे त्याच्याकडे बोट करण्याआधी झाकण उघडा, आत वाकून बघा. मला बोलता येत नव्हतं. धोंडीरामला येत होतं, आणि तो सांगत होता.