पुन्हा पुन्हा येणारं नाव

“परत गेलं?” अम्मानं बीन्सच्या शिरा काढता काढता विचारलं.

“गेलं,” कोदै म्हणाली. “सकाळी मी स्वतः घातलं होतं. आता नाही.”

साडीच्या झोळीला बांधलेली दोरी तिच्या पायाच्या अंगठ्यात होती. पायानं बाळाला झोका आणि मांडीवर लॅपटॉप. अमेरिकेच्या दौऱ्यातल्या प्रत्येक कार्यक्रमापुढे नावं होती. गायिका विशालम अक्का, व्हायोलिनवाले, मृदंगवाले, सगळे जागच्या जागी. तंबोऱ्यापुढची कोदै तेवढी गायब.

“डबडंच खोटं तुझं.”

“डबडं नाही अम्मा, स्क्रिप्ट. आणि चूक असलीच तर ती माझी.”

कोदै लग्नाआधीपासून अक्कांच्या मागे तंबोऱ्याला बसत आली होती. कार्यक्रमपत्रिकेत तंबोऱ्याचं नाव छापत नाहीत, पण तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. वरचा सूर घेण्याआधी अक्कांचा डावा खांदा किंचित उचलला जायचा; भरल्या सभागृहात ते फक्त तिला दिसायचं. तेवढं तिला पुरायचं.

अक्कांच्या तारखांचा मात्र सदाचा घोळ. एकाच संध्याकाळसाठी मैलापूरलाही हो म्हणायच्या आणि कोइमतूरलाही. सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करणाऱ्या कोदैनं मग त्यांना ऑनलाइन कॅलेंडर मांडून दिलं. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली की तिची स्क्रिप्ट, तिनंच लिहिलेला छोटा प्रोग्राम, एपीआयच्या म्हणजे प्रोग्रामसाठीच्या मागल्या दारानं कॅलेंडरात शिरायची, तारखा हलवायची, नावं चढवायची-उतरवायची आणि ज्याच्या त्याच्या फोनवर कळवायची. या दौऱ्याची सगळी मांडामांड तिनं बाळ निजेल तेवढ्या वेळात केली होती. बारशाच्या दिवशी तिचा हात हातात घेऊन अक्का म्हणाल्या होत्या, “माझ्या मागे तूच बसायचं. बाळ अम्मा सांभाळेल.” तिनं पासपोर्टही नवा करून आणला होता.

दुपारभर ती आपली चूक शोधत बसली. ईमेलचा पत्ता चुकला का? स्क्रिप्ट दोनदा चालून आपणच लिहिलेलं आपणच पुसतेय का? तिनं ओळी दुरुस्त केल्या, नाव घातलं, यादी मागवली. नाव होतं. बाळाला पाजून आली, यादी मागवली. नाव नव्हतं. तिनं पुन्हा घातलं, आणि फोन वाजला.

“काय ग कोदै, तुझं मशीन बिघडलंय!” विशालम अक्का वैतागल्या होत्या. “सकाळपासून बघतेय. तुझं नाव काढते, परत येतं. काढते, परत येतं. भुतासारखं चिकटलंय मेलं!”

झोळी थांबली.

“तुम्ही काढताय, अक्का?”

“मग कोण काढणार? माझ्या नव्या शिष्येचं, निरंजनाचं घालायचंय तिथं. तिला ना घर ना दार, कधीही बॅग उचलेल. तुझं लेकरू अजून अंगावर पितंय. तुझाच विचार केला ग मी.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगणारच होते. पण तूच म्हणालीस ना, कॅलेंडरात बदललं की ज्याला त्याला आपोआप कळतं? म्हटलं, बरं झालं, तोंड उघडायला नको.” अक्का हसल्या. स्क्रिप्टमधून बदललं तरच कळायचं, हातानं काढलेलं नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. “आणि हे बघ, तिकडच्या घड्याळाचं तेवढं तूच लाव हं. डॅलसची वेळ भलतीच दिसतेय. निरंजनाला नाही जमत ते. तुझ्याशिवाय कोण आहे मला?”

“बघते, अक्का.”

फोन ठेवताच अम्माचा आवाज चढला. “मोडून टाक सगळं! जाऊ दे बाईला भलत्याच दिवशी विमानतळावर!”

एका ओळीचं काम होतं. कोदैनं ती ओळ लिहिलीसुद्धा. मग एकेक अक्षर मागे घेत पुसली.

डॅलसचा कार्यक्रम होता त्या रविवारी तिथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे जाणार होती. तिनं डॅलसची वेळ नीट लावली. निरंजनाचा ईमेल शोधून तिचं नाव घातलं, तमिळ रीतीनं नावाआधी लागणाऱ्या वडिलांच्या आद्याक्षरासकट. राहिलं स्वतःचं नाव.

माणूस काढायची आज्ञा दिली की स्क्रिप्ट थांबून एक प्रश्न विचारायची. घाईत कुणाचं नाव उडू नये, कुणाचं मन दुखू नये, म्हणून तो कोदैनंच केव्हातरी, अगदी अदबीच्या तमिळमध्ये लिहून ठेवला होता.

‘कोदै यांना काढत आहात. आपण त्यांच्याशी बोललात ना?’

पडद्यावरची खूण उघडझाप करत राहिली.

तिनं ‘हो’ लिहिलं.