माक्रिनाचा उजवा हात

थेसालोनिकीच्या टाकसाळीत मी नाण्यांचे ठसे कोरायचो. त्या वर्षी राजधानीहून हुकूम आला: सम्राज्ञीच्या डोक्यावर आभाळातून देवाचा हात मुकुट धरतोय, असं नाणं पाडा. हात कसा असावा, ते कोणी लिहिलं नव्हतं.

आमचे मुख्य अधिकारी दोमेतिओस यांनी साऱ्या टाकसाळीचे हात तपासले. भट्टीवाल्यांचे भाजलेले, कारकुनांचे शाईने काळे. शेवटी बंदरावर मासे खारवणाऱ्या माक्रिनाचा रुंद, भरदार हात त्यांना पसंत पडला.

माक्रिना तीन दिवस माळ्यावर पालथी पडून हात खाली सोडायची आणि मी खालून चित्र काढायचो.

"थेरापोन, देव इतका वेळ हात लोंबकळत ठेवतो होय रे? मुंग्या आल्या माझ्या हाताला."

चौथ्या दिवशी ओनेसिमोस या तिच्या दिराने तिच्या पिंपातला मासा उचलला. तिने त्याला सणसणीत ठेवून दिली. त्याचा दुखरा दात पडला, ठणका थांबला, आणि देवाच्या हाताची बसली म्हणून तो बंदरभर सांगत सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात रांग. पाठ धरलेले हमाल, अर्धशिशीवाल्या बायका, सगळे गाल पुढे करून उभे.

"बाई, जरा बेताने," एक म्हातारा म्हणाला.

दुपारपर्यंत तिने चाळीस जणांना मारलं. मासे नासले. वैतागून ती टाकसाळीत आली.

"हा हात माझा की देवाचा, ते लिहून द्या. देवाचा असेल तर मासेही देवानेच खारवावेत."

दोमेतिओसांनी बराच खल केला आणि लिहून दिलं: डावा तिचा, उजवा टाकसाळीचा, उजव्याने काही करू नये. आठवडाभर ती डाव्या हाताने मीठ चोळत होती. तिची ती धडपड मला बघवेना. मी गुपचूप ठसा नव्याने कोरला, माझाच हात समोर धरून. नाण्यावर तो मसुराएवढा उमटला. दोमेतिओसांना फरक कळला नाही, तेव्हा मीच त्यांना खरं सांगितलं. ते चिडले, पण माक्रिनाचा हात तिला परत मिळाला.

दुसऱ्या दिवशी ही बातमी बंदरभर झाली, तरी माझ्या दाराशी फक्त एक हमाल आला. मी भीत भीत चापट मारली.

"एवढंच?" तो म्हणाला, आणि पाठ चोळत निघून गेला.