माझ्यावर फक्त 'पॉलीन' लिहिलं होतं

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. खरं सांगायचं तर अर्धीच. मला कव्हर नव्हतं, चित्र नव्हतं. नॉरबर्टने निळ्या मार्करने लिहिलेलं 'पॉलीन' हे नाव तेवढं होतं.

माझा जन्म २००३ साली कतारमधल्या दोह्यात, अल नस्र भागातल्या त्यांच्या घरी झाला. नॉरबर्ट आणि पॉलीन, नवरा-बायको, मूळचे वसईचे. गाणी त्याची, गळा तिचा. रेकॉर्डिंगमध्ये घरघर येऊ नये म्हणून एसी बंद ठेवून दोघं घामाने निथळत होती. वर्षभरात पॉलीनच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मग रेकॉर्डिंग ठेवलेला कॉम्प्युटरही बिघडला. तिचं गाणं आता फक्त माझ्यापाशी होतं.

नातेवाइकांसाठी वीस प्रती काढायला नॉरबर्टने मला एका दुकानात दिलं. दुकानदाराने दोन हजार काढून बाजारात विकल्या. चकचकीत कव्हर, त्यावर भलत्याच बाईचा फोटो. लबाडाने अस्सल मालावर असतो तो चमकता होलोग्रामसुद्धा चिकटवला!

नॉरबर्टने मला परत आणून कॉपीराइटच्या सरकारी ऑफिसात तक्रार केली. असा चोरीचा माल सगळ्यांनी मिळून पकडायचा, असे देशादेशांत करार झाले होते. परदेशी तज्ज्ञ इथल्या लोकांना नकली माल ओळखायला शिकवत होते. ऑफिसने पुरावा म्हणून मूळ सीडी मागितली. पॉलीनने कागदावर लिहिलं, 'नको देऊ.'

"अगं, आता एवढे देश आपल्या पाठीशी आहेत," नॉरबर्ट म्हणाला. "आपली वस्तू जाते कुठे?"

छापा पडला. त्या परदेशी पाहुण्यांसमोर माल रोलरखाली चिरडायचं ठरलं. पुरावा म्हणून दिलेली मीही त्याच ढिगात होते. मला पाहून नॉरबर्ट धावला.

"भाईसाब, वो ओरिजिनल है! मेरी बीवी की आवाज है!"

रहमान नावाच्या कारकुनाने मला उलटसुलट पाहिलं. "ओरिजिनल पे होलोग्राम होता है. ये तो हाथ से लिखा है. ट्रेनिंग में यही सिखाया. खलास."

चोर सोडून संन्याशाला फाशी! रोलर फिरला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नॉरबर्टने माझा तुकडा खिशात घातला.

गेल्या शुक्रवारी त्याने बाजारातून छाप्यातून सुटलेली एक सीडी विकत आणली, त्याच भलत्या बाईच्या फोटोची. ती लावली आणि पॉलीन गाऊ लागली. खुर्चीतली पॉलीन डोळे पुसत ऐकत राहिली. नॉरबर्टला मान वर करवेना.

मित्रांनो, कुणाची वस्तू राखायला निघालात, तर आधी तिच्या धन्याला विचारा. माझ्या रक्षणाला सात देशांचे शहाणे आले होते. पॉलीनचा आवाज वाचला, तो चोरामुळे.