इस्त्री फिरलेली टेकडी

"घारीला चाळिशी लागली!" हा विनोद ऑफिसात कितीतरी दिवस चालला होता आणि ताईसुद्धा त्यावर पोट धरून हसली होती. आज ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घार म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा, घारीसारख्या तीक्ष्ण नजरेचा सहकारी. जमिनीत आवाजाचा धक्का द्यायचा, खालून परतलेले प्रतिध्वनी नोंदवायचे, त्यातून आतल्या थरांचं चित्र काढायचं, असं तिथलं काम. चित्र ताई काढायची, घार ते वाचायचा. फार फार पूर्वी चिखलाखाली गाडली गेलेली प्रवाळाची टेकडी, म्हणजे तेल सापडायची जागा, तो बरोब्बर हुडकायचा. तशीच एक त्याने कच्च्या चित्रात दाखवली होती. होती एवढीशीच, पण वरचे थर तिच्यावरून वाकलेले. इथेच खोदा, म्हणून हटून बसला होता पठ्ठ्या.

साहेबांना मात्र बैठकीसाठी चित्र नीटनेटकं हवं होतं. ताईने नेहमीसारखा प्रतिध्वनींमधला नको असलेला गोंगाट काढून टाकला, रेषांवर मस्त इस्त्री फिरवली. बैठकीत पडदा उजळला, तर थर सपाट! घार बघतच राहिला.

"ताईने काढलंय ना? मग माझंच काहीतरी चुकलं असणार," म्हणाला आणि खाली बसला.

कंपनीने ती जागा सोडून दिली. त्यानंतर कुठलंही चित्र वाचायचं म्हटलं की घार कचरायचा. शेवटी नोकरी सोडून मेहुण्याच्या दुकानात जाऊन बसला.

आज बातमी आली, ती जागा ज्यांनी घेतली त्यांना तिथेच तेल लागलं. ताईने जुनं कच्चं चित्र उघडलं. टेकडी जिथल्या तिथे! मग तिने पुन्हा तीच इस्त्री फिरवून पाहिली आणि टेकडी तिच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. तेव्हा एकदा, फक्त एकदा, दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघितली असती तर! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं तिला.

तिने घारीला फोन लावला.

"टेकडी खरी होती रे. माझ्या हातून पुसली गेली."



"म्हणजे माझे डोळे..."

"ठणठणीत होते रे तुझे डोळे!"

"डॉक्टरही तेच म्हणाले होते," घार हळूच म्हणाला. "दोन-दोन डॉक्टर. मी म्हटलं, त्यांना काय कळतंय? ताई थोडीच चुकणार आहे!"