माशांना जेवू घालणारी पाटी

मी एक जुनी बांबूची पाटी आहे. मित्रांनो, पाटी म्हटले की तुम्हाला भाजीवाली आठवेल; पण माझे आयुष्य गेले ते माशांना जेवू घालण्यात.

अंबाडी गावच्या बाजारात एका बुरुडाने मला विणले. तिथून मैनाने मला डोक्यावरून तळ्यावर आणले. हे तळे म्हणजे वीटभट्टीसाठी माती काढून पडलेला खड्डा. ग्रामपंचायतीने तो गावातल्या बायकांच्या गटाला एका वर्षापुरता दिला होता. आक्का गटाची प्रमुख, तर मैना सगळ्यांत धाकटी. त्यांनी रोहू आणि कटला या माशांची बोटभर पिल्ले सोडली, तेव्हा लोक हसले होते. मासे जगले नाहीत तर तळे हातचे जाणार, हे दोघींनाही ठाऊक होते.

सकाळी बायका भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड भिजवून त्याचे गोळे माझ्यात ठेवत आणि मला दोरीने पाण्यात सोडत. मासे टोचू लागले की माझ्या कामट्यांना गुदगुल्या होत. संध्याकाळी मैना मला वर काढी. मी रिकामी असले तर दुसऱ्या दिवशी थोडे जास्त, काही उरले तर कमी. "पाटी खोटं बोलत न्हाय," असे ती म्हणायची. तेव्हा मला फार बरे वाटायचे.

श्रावणात आभाळ भरून राहिले. ऊन नाही, वारा नाही. पाणी गर्द हिरवे झाले आणि मी अर्धी भरलेलीच वर येऊ लागले.

"आक्का, उरलंय. आज नको टाकाया," मैना म्हणाली.

"पोटाला मारून कोन वाढतं?" आक्का म्हणाली. "दिवाळीला मासं मोठं दिसलं पायजेत."

आक्काने आपली मुले फार ओढगस्तीत वाढवली होती. भरलेले ताट हीच तिची माया. तिने मला शिगोशीग भरले. खालचे आंबत होते, वर नवे पडत होते. मला बोलता येत नव्हते.

मग एका पहाटे सगळे मासे पाण्यावर येऊन तोंडे उघडू लागले. त्यांना श्वास पुरत नव्हता; आंबलेल्या खाण्याने पाण्यातली हवा संपवली होती. काही मोठे कटले पांढरे पोट वर करून तरंगत होते. मैना शेजारच्या भाजीच्या मळ्याकडे धावली.

"कासमभाई, तुमचा पंप पायजे. मासं मरतात."

कासमभाईंनी इंजिन ओढत आणले आणि पाइप तळ्यात सोडला. "तोंड उंच धरा," ते म्हणाले. "पाणी वरून पडू दे, त्यात हवा मिसळेल."

बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून हातांनी पाणी उडवू लागल्या. आक्का काठावर थिजून उभी होती. मग तिनेही पदर खोचला आणि उतरली. दुपारपर्यंत उरलेले मासे सावरून पुन्हा खोल पाण्यात गेले.

संध्याकाळी आक्काने स्वतः मला वर काढले, आंबलेला कोंडा दूर नेऊन टाकला आणि मला घासून धुतले.

"उपाशी ठेवायचं त्यांना?" तिने हळूच विचारले.

"उपाशी कशी? तळ्यात बी त्यांचं खाणं हाय," मैना म्हणाली. "ऊन पडलं की मागतील."

दिवाळीत जाळे भरून आले. पंचायतीने तळे आणखी तीन वर्षांसाठी दिले. पुढे माझ्या कामट्या तुटल्या, नायलॉनच्या जाळीची नवी पाटी आली आणि मी खोपटात पडले. आता माझ्यात एक कोंबडी बसते. कुणी विचारत नाही, याचे कधी कधी वाईट वाटते.

मित्रांनो, पाण्यातला जीव हाक मारत नाही. पोट भरले, गुदमरले, तरी काहीच सांगत नाही. म्हणून ज्याला जेवू घालाल, त्याच्याकडे दोन क्षण थांबून बघा. वाढणे सोपे असते. माया असते ती बघण्यात.