दानिशचा आवाज

कपिलनं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, दोन गाद्यांच्या मध्ये माईक उभा केला आणि दानिशच्या वाटणीचं कडवं स्वतःच गायला सुरुवात केली.

रेकॉर्डिंगला आटपाडीत याहून चांगली जागा नव्हती. रहिमानचाचांच्या गादी कारखान्यात छतापर्यंत कापूस होता. आवाज त्यात शिरला की परत यायचा नाही. अडचण एकच. कापूस पिंजायचं मशीन दिवसभर धडधडायचं आणि फक्त शुक्रवारी दुपारी, नमाजाच्या वेळी, तासभर थांबायचं. त्या तासात चाचांसोबत त्यांचा मुलगा दानिशही मशिदीत असायचा. म्हणजे बँडचा मुख्य गायक हजर तेव्हा मशीन चालू, आणि मशीन बंद तेव्हा गायक नाही. दुकान राखायला कपिल.

चौघांच्या बँडमध्ये दानिश पुढं होता, कारण त्याचे केस चांगले होते. तसं रीतसर बैठक घेऊन ठरलं होतं. गाणं मात्र कपिलनं लिहिलं होतं, मेडिकलमध्ये काम करणाऱ्या मायासाठी. हे माया सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

‘तुझ्या काचेवर माझा श्वास, पुसू नको गं एवढ्यात.’

कपिलच्या वाट्याला मागं उभं राहून ‘हू हू’ करणं आलं होतं.

दानिशनं मशीनच्या धडधडीत गायलेलं रेकॉर्डिंग बाजूला ठेवून त्यानं आपलं ‘दानिश फायनल’ असं नाव देऊन कराडच्या मिक्सिंगवाल्याकडं पाठवलं. एकदा गाणं बाहेर पडलं की आवाज कुणाचा ते मायाला कळेलच, असा त्याचा अंदाज होता.

व्हिडिओत दानिशनं तलावाकाठी केस उडवत ओठ हलवले.

“गड्या, माझाच आवाज मला वळखू येईना,” दानिश हेडफोन काढत म्हणाला. “कराडवाल्यानं लय काम केलंय.”

“व्हय,” कपिल म्हणाला. “लयच केलंय.”

पंधरा दिवसांत गाणं उसाच्या ट्रॅक्टरवर वाजायला लागलं. मायानं ते स्टेटसला ठेवलं. कपिल मेडिकलमध्ये गेला, तेव्हा ती तेच गुणगुणत होती.

“दानिशचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो रं.”

“आन् लिहिलंय कुणी, ठाव हाय?”

“त्यानंच असंल की. किती मनापासनं म्हणलंय, आवाजातच कळतंय.”

कपिलनं नको असलेली ओआरएसची दोन पाकिटं घेतली. इतके दिवस तो दानिशवर जळायचा. आता त्या आवाजावर जळायला लागला. चहाच्या टपरीवर गाणं लागलं की ‘बंद करा ते’ म्हणायचा. टपरीवाला म्हणायचा, मित्राचं चांगलं झालेलं बघवत न्हाई व्हय रं?

मायाच्या चुलतभावाची हळद कवठे महांकाळला होती. बँडला बोलावणं आलं. व्हिडिओसारखंच गाणं लावून ओठ हलवायचं ठरलं होतं. दानिश पुढं आला, केस उडवले आणि मांडवातली लाईट गेली.

“आवो, मग तोंडानं म्हणा की!” मायाची आई अंजनाकाकू ओरडल्या.

दानिशनं सुरुवात केली. ‘श्वास’पर्यंत जाईस्तोवर त्याला दम लागला. मांडवात कुजबुज झाली, पोराचा घसा बसलाय. माया धावत कोमट पाणी घेऊन आली. दानिशनं ते सावकाश पिलं. पिताना तो पेल्याच्या काठावरून कपिलकडं बघत राहिला, बराच वेळ.

“तू म्हण,” तो हळूच म्हणाला.

कपिल पुढं झाला. डोळे मिटून गायला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. रिकामा पेला हातात घेऊन माया तशीच उभी राहिली. गाणं संपलं.

“आगं बया!” माया म्हणाली. “हुबेहूब दानिश!”

टाळ्या पडल्या.

“आनि कुणाकुणाचा आवाज काढतोस रं?” अंजनाकाकूंनी कौतुकानं विचारलं.

दानिश पुढं सरकला. “काकू, आवं खरं म्हंजी…”

कपिलनं त्याचा दंड धरला.

“फकस्त शेवटच्या ओळीत जरा कमी पडलास,” माया कपिलला समजावून सांगू लागली. “दानिश तितं लय हळू म्हणतो. म्हण बघू परत.”

कपिलनं मान डोलावली. घसा साफ केला, आणि दानिश म्हणतो तसं, लय हळू, म्हणायला लागला.